फारूकचाचांच्या कानातला बोळा

फारूकचाचा कुवेतची नोकरी सोडून कायमचे पनवेलला आले आणि उरणच्या बंदरात त्यांचं क्रेन चालवायचं काम जवळजवळ पक्कं झालं. फक्त कानांची तपासणी बाकी होती. नेमकं तेव्हाच त्यांना ऐकू येईनासं झालं.

"गुरुवारी नापास झालो तर परत कुवेत!" ते ओरडले. हल्ली ते सगळंच ओरडून बोलत.

मी मोबाइलचा टॉर्च लावून त्यांच्या कानात पाहिलं. आत मळाचा काळपट, घट्ट बोळा.

"चाचा, कानात रोज कापसाची काडी घालता ना?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"रोज! नमाजाआधी पाच वेळा वजू करून कानसुद्धा पुसणारा माणूस मी. कानात घाण ठेवीन?"

"ती घाण नाही. मळ कानाचं रक्षण करतो. बोलताना, जेवताना जबडा हलतो, तसा तो हळूहळू आपणहून बाहेर येतो. तुम्ही त्याला आत ढकललंत."

"तरीच शरीफाचे कान इतके साफ!"

शरीफाचाचीनं तिकडे लक्षच दिलं नाही. "सायमा, बीएस्सीला हे शिकवतात?"

"चाची, निळ्या देवमाशाच्या कानात मळ जन्मभर साचतो, थरावर थर. ते थर मोजून त्याचं वय कळतं. कधी तणावात होता तेही."

"मग यांचाही तपास. कुवेतमध्ये काय काय केलं ते कळेल."

"चिनी-जपानी लोकांचा मळ बहुतेक कोरडा असतो, आपला चिकट. एका जीनचा फरक. त्याच जीनमुळे त्यांच्या घामालाही वास कमी."

चाचीनं चाचांच्या दिशेनं नाक उडवलं. "यांना नाही मिळाला तो."

बुधवारी कानाच्या डॉक्टरांनी बोळा काढला. परतताना रिक्षाच्या हॉर्ननं चाचा दचकून दुकानाच्या पायरीवर चढले.

गुरुवारी तपासणीच्या खोलीत त्यांच्या हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ते दाबतच सुटले.

"काका, मशीन अजून सुरू नाही केलं," तपासणारी मुलगी म्हणाली.

"मग हे कोण कुजबुजतंय?"

तिनं अर्धवट लागलेलं दार उघडलं. बाहेर बाकावर चाची, डोळे मिटून पुटपुटत.

"काकू, दुआ थोडा वेळ थांबवा. तिच्यामुळेच नापास होतील ते."

चाचीनं ओठ घट्ट मिटले. थोड्या वेळानं चाचा पास होऊन बाहेर आले.

"बघ, तू गप्प बसलीस आणि नोकरी मिळाली."

"मिळाली ना?" चाची उठली. "मग आता ऐका."