क्लचवरचा पाय

सासऱ्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला, तसा त्यांचा सगळा जोर जिभेत उतरला. नातीला मांडीवर घेऊन ते पडवीतल्या खुर्चीतून अंगणात हुकूम सोडत होते. अंगणात ट्रॅक्टर उभा होता, त्यांच्या मुलाहून वयाने मोठा. मुलगा नोकरीपायी परगावी. चालवणार कोण? म्हणून आज ट्रॅक्टर बघायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि सून हट्टाला पेटली होती.

"बाबा, मी शिकते. विकू नका ना."

"नांगर उचलून दाखव. गिऱ्हाईक यायच्या आत उचललास, तर ट्रॅक्टर आपला."

नांगर मागे मातीत नाक खुपसून बसला होता. तो उचलायचा दांडा सीटच्या उजव्या हाताला. सून बाळाच्या दुधाचा थेंबसुद्धा दोनदा मनगटावर टाकून बघणारी. तिने हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला आहे ना ते हलवून पाहिलं, मागे कोणी नाही याची खात्री केली. वर क्लचही तळापर्यंत दाबून धरला. असू दे, घरात लेकरू आहे!

इंजिन सुरू झालं. हुडहुडी भरल्यासारखा ट्रॅक्टर थरथरला. तिने दांडा ओढला. नांगर ढिम्म.

"ओढ की!"

"ओढलाय!"

"अजून ओढ!"

"अजून ओढला तर उपटून हातात येईल, बाबा!"

सासूबाई दारात आल्या. "नांगर उचलायच्या पंपाचं तेल संपलं असेल. तुम्हीच विसरला असाल घालायला."

"तेल मी कालच बघितलंय. तू तुझं दूध बघ, उतू जाईल."

"पण तुम्ही कसा उचलता, ते नीट सांगा ना!" सून ओरडली.

सासरे विचारात पडले. "कसा म्हणजे? बसायचं, दांडा ओढायचा. उचलतो की तो." इतक्या वर्षांची सगळी विद्या त्यांच्या पायांत होती, त्यातला एक प्लास्टरमध्ये आणि तोंडाला तिचा पत्ताच नव्हता.

फाटकात मोटरसायकल थांबली. गिऱ्हाइकाने हेल्मेट काढलं, नांगराकडे पाहिलं. "उतरा ताई, मीच बघतो."

सून सीटला आणखीच चिकटून बसली. तेवढ्यात डाव्या पोटरीत असा गोळा आला, की क्लचवरचा पाय आपोआप जरासा वर झाला. मागे नांगर हलला. हो, हलला! तिने क्लच दाबला, नांगर गप्प. जरा सोडला, नांगराला पुन्हा उचकी.

"बाबा! पाय!"

"दुखतोय गं, काय सांगू."

"तुमचा नाही, माझा! क्लच दाबला की ह्याचा पंपच झोपतो!"

सासऱ्यांनी आ वासला. "अगं हो! उचलताना क्लच सोडलेलाच असतो माझा. हे सांगावं लागतं होय?"

क्लच सोडायचा म्हणजे ट्रॅक्टर थेट फाटकावर, असंच चित्र तिच्या डोळ्यांपुढे. तिने गिअर पुन्हा हलवून पाहिला. मग आणखी एकदा, बाळाच्या नावाने. आणि श्वास रोखून पाय उचलला.

ट्रॅक्टर जागचा हलला नाही. नांगर मात्र मातीची ढेकळं सांडत, कण्हत कण्हत वर आला.

बाळ खदखदून हसलं.

तिने नांगर खाली सोडला. वर घेतला. बाळाला हसून हसून उचकी लागली. खाली, वर, खाली, वर! सासूबाई दाराला टेकून हसत होत्या, आत दूध खरंच उतू गेलं तरी हलल्या नाहीत. सासरे प्लास्टरवर टिचक्या मारून ताल धरत होते. "अगं पुरे! म्हातारा आहे तो, कंबर धरेल त्याची!"

"मग विकायचा की नाही?" गिऱ्हाइकानेही हसू आवरत विचारलं.

"मला काय विचारता? मालकीण वर बसलीये."

मालकिणीला काही ऐकूच गेलं नाही. नांगर हवेत, फाटक समोर, फाटकापलीकडे शेत. तिने हँडब्रेक सोडला. "बाबा, पुढे जायला काय करू?"

"आता दाब क्लच!"

गिऱ्हाइकाने आधी धावत जाऊन फाटकातली मोटरसायकल बाजूला घेतली.