अन्नपूर्णाबाईंची झडप

देऊळघाटच्या अन्नपूर्णाबाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि त्यांच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. मळ्यातून घरी येईतो तीनदा टेकावं लागे. लेक अविनाश त्यांना संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आला, तेव्हा बाईंचं एकच म्हणणं होतं: चिरा, फाडा, पण ही धाप घालवा.

डॉक्टर हिमानी मॅडमनी विचारलं, आजी घरी काय काय करतात? बाईंनी तोंड उघडायच्या आत अविनाश बोलून मोकळा झाला, की आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही, सगळं जागेवर देतो. आमच्याकडचे लेक असंच सांगतात. म्हातारी माय राबते म्हटलं, की चार लोकांत नाक कापलं जातं.

मॅडमनी ते खरं धरलं. इतक्या खचलेल्या जिवाला ऑपरेशनचा फायदा थोडा, धोकाच जास्त. गोळ्यांवर ठेवू, म्हणाल्या. अविनाशला हायसं वाटलं. लेकाच्या अब्रूपायी आपला जीव जाणार, हे ध्यानात आलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं बोलून राह्यला हा. परवापर्यंत मेथीच्या जुड्या म्या बांधल्या. सांग ना बे, कोणं बांधल्या?"

"तूच," अविनाश पुटपुटला.

मॅडमनी बाईंना व्हरांड्यात चालायला लावलं. लेकाचा हात झिडकारून त्या चालल्या. धापा टाकत, पण सरळ. मग मॅडमनी आधीचं लिहिलेलं खोडलं आणि काही न लपवता सांगितलं. मांडीच्या नसेतून नवी झडप बसवता येईल. त्यात जीव जाऊ शकतो, लकवा मारू शकतो. साधलं तर पुन्हा हिंडता-फिरता येईल. नाही केलं तर दोन वर्षंही कठीण.

तिसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या जुळल्या. संमतीचा कागद नर्सनं सवयीनं अविनाशच्याच हातात दिला. तो रडकुंडीला आला.

"माय, तुले काही झालं त लोकांले काय सांगू मी?"

बाईंनी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

"सांगजो, मायनं ऐकलं नाही."

आणि चौथी शिकलेल्या हातानं, कोणालाही घाई करू न देता, त्यांनी आपलं अख्खं नाव लिहिलं.