प्लास्टिकात बंद केलेला संघ

मी लॅमिनेशन करणारे एक जुने यंत्र आहे आणि मित्रांनो, मी रागावलेले आहे. म्हातारी यंत्रे कुरकुरतातच, थोडे तेल घातले की गप्प होतात, असे तुम्ही म्हणाल. माझ्या रागाला तेल चालत नाही.

तेगाल या बंदराच्या गावी, किनाऱ्यालगत, फुटबॉलच्या मैदानाच्या फाटकासमोर, ज्यांना सगळे आदराने इबू, म्हणजे आई, म्हणतात त्या रुमियातींचे झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. बावीस वर्षे मी तिथल्या एकाच टेबलावर बसून आहे. माझ्या पोटात दोन तापलेले रूळ आहेत. कागद पारदर्शक पिशवीत घालून माझ्या तोंडाशी धरला की मी तो हळूहळू आत ओढते आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत, गरम, कायमचा बंद करून परत देते. जन्माचे दाखले, शाळेची प्रमाणपत्रे, दिवंगत आईचा एकुलता एक फोटो. खारी हवा जिथे भिंतीतले खिळेसुद्धा चघळते, तिथे माणसांचा कागदावर विश्वास नसतो. जे जे आपले, ते ते प्लास्टिकात. लोक माझे कौतुक करीत आणि मला त्याचा गर्व होता. काळ नावाच्या ओल्या जनावराला मी दाराबाहेर रोखून धरले आहे, असे मला वाटे.

इबूंनी वयाची चोपन्न वर्षे फुटबॉलकडे पाठ करून काढली. ते खूळ त्यांच्या यजमानांचे, दार्सोनोंचे. मग एका दुपारी दूरच्या बेटावरून आलेला योहानिस नावाचा बारीक अंगाचा खेळाडू बाप्तिस्म्याचा दाखला लॅमिनेट करायला आला. दाखला माझ्या पोटात असतानाच पलीकडे शिट्टी वाजली आणि तो धावत सुटला. इबूंनी थोडी वाट पाहिली. मग तो अजून कोमट असलेला कागद हातात घेऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समोरचा रस्ता ओलांडला, तो त्या फाटकासाठी. परतल्या त्या दोन तासांनी, घसा बसवून.

"कागद द्यायला दोन तास?" दार्सोनो म्हणाले.

"त्याला मैदानात उतरवतच नव्हते हो. शेवटची दहा मिनिटं उतरवलं. पडला, गुडघा फुटला, उठला, आणि कुणाकडं बघितलंसुद्धा नाही पोरानं."

"ऑफसाइड म्हणजे काय, ते तरी कळतं का तुला?"

"बोलावण्याआधीच पुढं जाऊन उभं राहणं. माझ्या माहेरी जेवायला तुम्ही तसेच उभे असायचात."

त्यानंतर एकही सामना त्यांनी चुकवला नाही. मला मैदान दिसत नाही, फक्त फाटक दिसते. पण आरोळ्यांच्या लाटेत इबूंचा आवाज मी ओळखू लागले. तो चोपन्न वर्षे वापरलाच गेला नव्हता, म्हणून कोरा होता.

क्लबने त्या वर्षी खेळाडूंची कार्डे काढली होती. प्रत्येक तिकिटामागे एक बंद पाकीट, पाकिटात एक कार्ड, एकूण खेळाडू चोवीस. इबूंना मिळालेले प्रत्येक कार्ड त्यांनी माझ्यातून काढले. दोनदा आलेली, तीनदा आलेलीही. आपल्याकडचे मौल्यवान ते असेच जपायचे, एवढेच त्यांना आणि मला ठाऊक होते. मग तो चकचकीत गठ्ठा घेऊन त्या फाटकापाशी गेल्या. तिथे मोटारसायकली लावून घेणारा तोहा कार्डांच्या अदलाबदलीचा बाजार चालवीत असे. त्याने एक कार्ड दोन बोटांत धरून उन्हाकडे केले.

"इबू, हे काय करून आणलंत?"

"लॅमिनेट केलंय. शंभर वर्षं टिकेल."

"आम्ही कार्डं हवेत उडवतो. चेहरा वर करून पडलं तर जिंकलं. हे तर कौल पडल्यासारखं पडतंय."

"पण खराब होत नाही ना."

"खराब व्हायलाच पाहिजे. हा माझा नऊ नंबर बघा. कान गेलाय त्याचा. दहा-अकरा खिसे फिरून आलाय. तुमचा कुठं फिरलाय?"

"माझ्या पर्समध्ये."

"तेच म्हणतोय मी. जिवंत माणसाला कफन घातलंत तुम्ही."

लोक हसले. इबूही हसल्या. मी हसले नाही. दोन टोले माझ्या गर्वाला एकदम बसले होते आणि कितीतरी दिवस मी त्या तोहाला मनातल्या मनात भाजत राहिले.

इबू मात्र शिकल्या. पुढे प्रत्येक खेळाडूचे एकच कार्ड माझ्याकडे येई, बाकीची मोकळीच राहत, हातोहात जात. दुसरा हंगाम संपत आला तेव्हा तेवीस झाले होते. राहिला होता सतरा नंबर, म्हणजे योहानिस. तो बहुतेक राखीव बाकावरच बसे, त्यामुळे त्याची कार्डे मोजकीच छापली होती. साऱ्या बाजारात एक होते, तोहाकडे. ज्याच्यामुळे त्यांनी रस्ता ओलांडला, नेमका तोच हाती नव्हता.

"तीन गोलकीपर देते, बाळा."

"तीन गोलकीपर घेऊन काय करू? खानावळ काढू?"

"वर सोयाबीनचं तळलेलं तेम्पे, गरम."

"तेम्पे खाईन. सतरा देणार नाही. तो आहे म्हणून तर माझ्याकडं लोक येतात."

हे भांडण दर सामन्याला होई. दोघेही त्याची वाट पाहत असत, हे मला आत्ता कळते.

मग एका सकाळी क्लब विकला गेला. दुसऱ्या बेटावरच्या कोळशाच्या खाणवाल्यांनी त्याची स्पर्धेतली जागा विकत घेतली आणि संघ उचलला. नाव नवे, रंग नवा, गाव नवे. योहानिसला त्यांनी नेले नाही. तो दुकानात आला, मातीच्या किटलीतला चहा प्याला, कपाची कड बोटाने पुसली आणि बंदराकडे निघून गेला. इबूंनी त्याच्या पिशवीत भात बांधून दिला.

आठवड्याने फाटकावर सूचना लागली. जुनी कार्डे जमा करा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा, नव्या संघाचा सदरा मोफत मिळेल. जुने नाव बाजारात राहू नये, असा मालकांचा हिशोब. मित्रांनो, ज्यांनी वर्षभर तिकीट काढले नव्हते, ज्यांची बाके मी रिकामी ऐकली होती, ते सकाळी सहालाच रांगेत उभे होते. कारकून प्रत्येक कार्ड कात्रीने मधोमध कापून गोणीत टाकत होता. चेहऱ्यांचे अर्धे-अर्धे तुकडे. आणि कापून घेणारे हसत होते, सदऱ्याचे माप सांगत होते.

रांगेतला एकजण दुकानात आला. "इबू, दोन झेरॉक्स द्या."

"मशीन बिघडलंय."

"काल तर चालू होतं."

"काल क्लबपण होता."

तो पुढच्या दुकानात गेला. दार्सोनोंनी रांगेकडे पाहिले, मग इबूंकडे, आणि आपली खुर्ची गुपचूप आत ओढून घेतली.

कोळशाच्या मालकांवर मी रागावले आहेच. पण ते मला कधी दिसले नाहीत. रांग मला दिसली. माझ्याजवळ आवाज नाही, केवळ उष्णता आहे. त्या दिवशी कुणी बटण न दाबताही मी तापले असते.

तिसऱ्या दिवशी तोहा आला. लावायला मोटारसायकली उरल्या नव्हत्या. त्याने टेबलावर सतरा नंबर ठेवला. कोपरे मऊ पडलेले, कपाळावरून एक घडी गेलेली.

"लॅमिनेट करा, इबू."

"बदल्यात काय देऊ?"

"काय देणार? बदलायला राहिलंय कोण? सगळ्यांनी कापून घेतली. आता मी उडवू कुणाबरोबर?"

"मग तुझ्याकडंच ठेव. असाच, मोकळा."

"मोकळा ठेवला तर रोज खिशातून काढून बघतो. बघवत नाही. तुमचे चोवीस पुरे होतील."

"असे नको होते रे पुरे व्हायला."

दोन वर्षे मागितलेली वस्तू समोर होती आणि इबूंचा हात पुढे जात नव्हता. अखेर तोहानेच ती पिशवीत सरकवली आणि माझ्या तोंडाशी धरली. मी ती घेतली. मी नकार देऊ शकत नाही, तशी माझी घडणच नाही. योहानिसचा चेहरा माझ्या रुळांमधून गेला, त्याच्यावरचा बोटांचा मळ, घामाचे डाग, सगळे बंद झाले. पलीकडे इबूंनी ते कार्ड उचलले, गार होईपर्यंत दोन्ही तळव्यांत धरले, आणि जेवणाची वेळ झाली तरी दुकान आवरायला उठल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्याने तुम्हाला वस्तू जपायला सांगावे, अशी रीत आहे. मी ती पाळणार नाही. तुमच्या गावात एखादे मैदान असेल, एखादा हरणारा संघ असेल, बाकावर बसून राहिलेला एखादा खेळाडू असेल, तर या रविवारी तिथे जा. त्याला नावाने हाक मारा. त्याचे कार्ड खिशात घाला, उडवा, हरवा, भांडून परत मिळवा, मळू द्या. सारे संपल्यावर ते माझ्याकडे आणू नका. आणलेत तर मी ते बंद करीन, नीट, चारही कडांपर्यंत. पण रागाने करीन.