टेकडी, दुसरं वळण

निळा तिसऱ्यांदा फसला. काकूंनी कुंचला पाण्यात खळबळवला, फडक्याला पुसला आणि बशीतलं पान उचलून पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. पानाच्या डाव्या कडेला, शिरेला लागून, मोहरीएवढा निळा ठिपका होता. तसला निळा त्यांच्या रंगांच्या डब्यात नव्हता.

"हा ठिपका कसला हो?"

खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडणारे मोजणीदार मान वर न करता म्हणाले, "कीड असेल कसली तरी. टेकडीवर यंदा फार आहे."

"इतकी देखणी कीड?"

"असते एखादी."

काकूंनी निळ्यात थेंबभर हिरवा मिसळला, आणि ठिपका जमला. त्या इतक्या खूश झाल्या की शेजारचा चहा गार झाल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

इमारतीतली मुलं त्यांना रंगकाकू म्हणत. मोजणीदारांना मात्र लहानथोर सगळे मोजणीदारच म्हणत. नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, तरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेला जन्म अंगातून जात नव्हता. पायाला भिंगरी, आणि तोंडात आकडा. जिना उतरतानासुद्धा पायऱ्या मोजत. रोज त्याच पायऱ्या, रोज तेवढ्याच भरत, तरीही मोजत.

दोघांचा एक नेम होता. सकाळी फिरायला गेलेल्या मोजणीदारांनी वाटेत पडलेली एक वस्तू आणायची. तोडायचं काही नाही, आपण होऊन गळलेलंच. पान, पीस, शेंग, सालीचा तुकडा, काहीही. ते बशीत ठेवायचं. काकूंनी ते सुकायच्या आत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवायचं. पुढे काकूंच्या हातची तारीख, मागे मोजणीदारांच्या हातची जागा. 'नदीचा पूल, पलीकडचं टोक.' 'जुनी वीटभट्टी, उत्तरेची भिंत.' अशी नऊ वर्षांची कार्डं बुटांच्या खोक्यांत भरून कपाटावर चढली होती. जावयाने एकदा भीतभीत विचारलं होतं, याचं पुढे करायचं काय? काकू म्हणाल्या होत्या, "तुम्ही रोज दात घासता, त्याचं पुढे काय करता?"

आजच्या कार्डामागे मोजणीदारांनी पेन्सिलीने लिहिलं, 'टेकडी, दुसरं वळण.'

"टेकडीवर तुतीचं रान माजलेलं दिसतंय," काकू म्हणाल्या. "दोन महिने झाले, तुतीशिवाय काही येत नाही घरात."

"माजलंय खरं," मोजणीदार म्हणाले. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली आणि जरा वेळ धरूनच ठेवली. काकू ठिपक्याकडे बघत होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरी बांधलेली होती, तिला त्यांनी कार्ड चिमट्याने लटकवलं.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार नेहमीसारखे सहाला गेले आणि पावणेसातला वारा सुटला. चिमटा जुनाच होता. काकू हात पुढे करेपर्यंत कार्ड खिडकीबाहेर गेलं, भिंतीलगतच्या झाडाच्या माथ्यावर क्षणभर अडकलं आणि पानांमधून खाली दिसेनासं झालं. त्या झाडाशी काकूंचं जुनं वैर होतं. स्वयंपाकघराचा उजेड खातं, म्हणून. त्यापलीकडे त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

घरातल्याच चपला घालून त्या खाली उतरल्या. पाण्याच्या टाकीला वळसा घालून मागच्या अंगणात आल्या आणि टाकीच्या कोपऱ्यालाच थबकल्या.

झाडाखालचं बाकडं कुणीतरी नव्याने रंगवलं होतं. निळं. थेंबभर हिरवा मिसळलेलं निळं. रंगवणाऱ्याचा हात सढळ असावा, कारण बाकड्यावर वाकलेल्या फांद्यांच्या पानांवरही शिंतोडे उडाले होते. आणि बाकड्यावर, काकूंकडे पाठ करून, मोजणीदार बसले होते.

फिरायची टोपी डोक्यावर, फिरायचे बूट पायात. दोन्ही हातांनी ते उजवा गुडघा चोळत होते. मग एका हाताने बाकडं धरून वाकले. खालचं पान हाताला लागायला त्यांना तीन खेपा कराव्या लागल्या. शेजारी पाच-सहा पानं ओळीने मांडलेली होती. एकेक उचलून ते उजेडासमोर धरत, मान हलवत आणि परत ठेवत. एक साधं, एक बाजूला कान फुटल्यासारखं, एक तीन पाकळ्यांचं. तुतीच्या एकाच झाडाला अशी तऱ्हेतऱ्हेची पानं येतात, हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. शाळेच्या पुस्तकासाठी ते चित्र त्यांनीच काढलं होतं.

काखेत कळसा म्हणतात तो हा. काकूंना गलबलून आलं आणि पाठोपाठ स्वतःचाच राग आला. मोहरीएवढा ठिपका दिसला, त्याच्यासाठी तीनदा रंग कालवला, आणि चांगला साडेपाच फुटी माणूस समोर लंगडत होता तो दिसला नाही.

हाक मारावी असं ओठांवर आलं होतं. पण हाक मारली असती, तर मोजणीदार ताठ उठून उभे राहिले असते आणि उद्यापासून बशी रिकामी राहिली असती. काकू त्यांना ओळखून होत्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मोजणीचं यंत्र उचलायला सोबत माणूस देतो असं साहेब म्हणाल्यावर, या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा नेऊन दिला होता.

तेवढ्यात मोजणीदारांना पायाशी पडलेलं कार्ड दिसलं. त्यांनी ते उचललं. ठिपका बराच वेळ न्याहाळला. मग कार्ड उलटं केलं, स्वतःचं अक्षर वाचलं, बाहीने माती पुसली आणि ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं. घड्याळ बघितलं. टेकडीवरून परतायला अजून वीस मिनिटं होती. ते बसून राहिले.

काकू चपला हातात घेऊन जिना चढल्या.

साडेसातला बशीत तीन पाकळ्यांचं पान आलं.

"वर धुकं होतं आज," मोजणीदार म्हणाले. मग त्यांची नजर दोरीकडे गेली. "कालचं कार्ड?"

"उडालं."

"दुसरं कर."

"तो ठिपका पुन्हा जमायचा नाही."

मोजणीदारांचा हात खिशापर्यंत गेला आणि टोपी काढायला वर वळला. काकूंनी पान काढायला घेतलं, पण त्या दिवशी त्यांच्या शिरा वाकड्या आल्या. मागे मोजणीदारांनी लिहिलं, 'टेकडी, तिसरं वळण.' आज आपण आणखी वर चढल्याचं त्यांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सहाला मोजणीदार नाड्या बांधत होते, तेव्हा काकू बूट घालून, खांद्याला पिशवी अडकवून समोर उभ्या राहिल्या.

"मी येते आज."

नाडी तशीच हातात राहिली. "कुठं?"

"तुमच्याबरोबर."

"टेकडी झेपायची नाही तुला."

"झेपेल तिथवर येईन." त्यांनी दारामागची काठी ओढून काढली. लेकीने दोन वर्षांपूर्वी बाबांसाठी पाठवलेली. मुठीवरचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता. तो काकूंनी फाडला. "ही मलाच हवी. गुडघा कुरकुरतोय माझा."

काकूंचा गुडघा ठणठणीत होता. पण जिन्याच्या पहिल्या वळणावर त्या थांबल्या.

"धरा हो जरा ही. मला कठड्याला हात हवाय."

मोजणीदारांनी काठी घेतली. नुसती हातात धरून ते दोन पायऱ्या उतरले. तिसऱ्या पायरीवर त्यांनी ती टेकवली. खाली पोचल्यावर काकूंनी ती परत मागितली नाही, आणि त्यांनीही दिली नाही.

फाटकाशी ते सवयीने रस्त्याकडे वळले. काकू हलल्या नाहीत.

"माझं बळ एवढंच," त्या म्हणाल्या. "मागे बाकडं आहे ना, निळं रंगवलेलं? तिथं बसू."

मोजणीदार रस्त्याकडे बघत राहिले. पाववाला सायकलवरून गेला, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"तुला कुणी सांगितलं?"

"ठिपक्यानं."

ते वळले आणि टाकीच्या दिशेने चालू लागले, सावकाश, काठी टेकत. मागून येणाऱ्या काकूंना त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आकडे चालले होते.

बाकड्यावर दोघं बसली. वर पानांत कुठलासा पक्षी खुडबुड करत होता. तुतीची पिकलेली दोन-चार फळं पडून फरशी जांभळी झाली होती. आपलं स्वयंपाकघर अंधारं करणारं हे झाड खालून एवढं उजळ असेल, असं काकूंना कधी वाटलं नव्हतं. ऊन पानांतून गाळून येत होतं आणि मोजणीदारांच्या टोपीवर हलत होतं.

"रोज निवडून आणत होतो गं," मोजणीदार एकाएकी म्हणाले. "निदान वेगळं दिसावं म्हणून."

"दिसलं की. साठ पानं आणलीत, एकासारखं एक नाही."

मोजणीदारांनी खाकरून घसा साफ केला. खिशातून कार्ड काढलं. "पेन्सिल दे. आणि रबर."

काकूंनी दिलं आणि मान दुसरीकडे वळवली. बराच वेळ रबर घासल्याचा आवाज आला. मग पेन्सिलीचा. मोजणीदारांनी कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं.

'मागचं अंगण, बाकडं. दारापासून एकशे अठरा पावलं. काठीसह.'

काकूंनी ते दोनदा वाचलं. डोळे पुसायला पदर घेतला आणि नाकही पुसून घेतलं, म्हणजे सर्दीवर निभावून नेता येईल.

"बाकीचीही आण खाली," मोजणीदार म्हणाले. "खोडून नीट करतो. खोटी मोजणी घरात नको." आणि आजचं पान शोधायला ते खाली वाकू लागले.

"दुपारी आणीन," काकू म्हणाल्या. त्यांनी मांडीवर कोरा कागद घेतला होता. "आत्ता हलू नका. हात तसाच असू द्या, काठीवर."