शिट्टीआधीची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी दमलेय. तुम्ही म्हणाल, शिट्टीला दमायला काय झालं? नुसतं गळ्यात लोंबायचं आणि कुणी फुंकलं की वाजायचं. बाळांनो, एकदा माझ्या जागी लोंबून बघा, मग बोला.

माझा जन्म उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा साच्यात दाबला, तुकडे डाख देऊन जोडले, पोटात बुचाची एक गोळी टाकली आणि झाली शिट्टी. ती गोळी आत गरगर फिरते म्हणून माझा आवाज थरथरतो. तिथून खोक्यात भरून आम्हा साऱ्या बहिणींना सोलापूरला पाठवलं आणि सात रस्त्याजवळच्या एका दुकानात काचेमागे मांडून ठेवलं. एक बहीण बसच्या कंडक्टरनं नेली, एक पोलिसानं नेली. मला ईरप्पानं नेलं.

ईरप्पा सूतगिरणीत कामाला होता, कापूस पिंजायच्या खात्यात. गिरणीच्या कॉलनीत त्याला सगळे अण्णा म्हणायचे, म्हणून मीही अण्णाच म्हणते. दुकानात त्यानं मला शर्टाच्या टोकाला पुसलं आणि असं काही फुंकलं की दुकानदाराच्या हातातला चहा बशीत सांडला. "अण्णा, हितं न्हाय हो, मैदानात वाजवा!" दुकानदार ओरडला. काय ती फुंकर होती! माझ्या पोटातली गोळी भिंतींवर नुसती आपटत सुटली. मी त्या क्षणी त्याची झाले.

अण्णा बास्केटबॉलचा पंच होता. कॉलनीचं मैदान मातीचं, रेघा चुन्याच्या, बोर्ड लाकडी फळ्यांचा. सामन्याआधी पाणी मारून धूळ बसवायची. बहात्तरच्या दुष्काळात मारायला पाणी नव्हतं, तेव्हा खेळाडू धुळीत दिसेनासे व्हायचे, तरीही अण्णाला फाऊल दिसायचा. त्याची एक पद्धत होती, ती नीट लक्षात ठेवा. फाऊल दिसला की त्याची एक मूठ थेट वर जायची आणि मी वाजायचे. दोन्ही एकाच दमात. मूठ वर म्हणजे फाऊल, हे मैदानावरचं पोरही जाणतं.

सोपा फाऊल कुणीही देईल हो. पण एकदा काय झालं, सात रस्त्याच्या संघातल्या एकानं कॉलनीच्या खेळाडूला ढकललं. ढकललेला उठला आणि त्यानं कोपर हाणलं. तेवढ्यात सात रस्त्याचे कोच खुर्ची लाथाडून थेट मैदानात आले आणि अण्णाच्या घराण्याची चौकशी करू लागले. सगळे एकदम बोलत होते. दुसरा पंच असता तर बावचळला असता. अण्णानं मला एकदा लांब वाजवलं आणि म्हणाला, "थांबा. एकामागनं एक." मग तो गुण मांडणाऱ्यांच्या टेबलापाशी गेला आणि शांतपणे सांगत गेला: आधी ढकलणं, त्याचा फाऊल. मग कोपर, त्याचा फाऊल. मग कोचसाहेब आत आले, त्यांचा फाऊल. ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं शिक्षा. कोचच्या फाऊलचा फ्री थ्रो मारायला एकजण पुढे, बाकी सगळे मागे. पाच मिनिटांत खेळ सुरू झाला आणि कोचसाहेब आपली खुर्ची स्वतः उचलून बसले.

नव्या पंचांना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. "खेळ शिट्टीनं थांबत न्हाय, फाऊलनं थांबतो. शिट्टी फकस्त ओरडून सांगती." मला तेव्हा हे ऐकून राग यायचा. म्हणजे मी काय नुसती ओरडणारी? पण लोक माझं कौतुक करायचे. ईरप्पाची शिट्टी वाजली की वाद मिटला, असं म्हणायचे. मी फुगून जायचे. अण्णाची बायको निंगव्वा मला चिंच लावून घासायची आणि मी देवघरातल्या समईसारखी लखलखायचे.

मग कापूस आडवा आला.

पिंजण खात्यात दिवसभर कापसाचा भुगा उडतो. तो केसांत बसतो, भुवयांवर बसतो, आणि छातीत जाऊन बसतो. अण्णाला खोकला लागला. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेला की छाती अशी आवळायची की तो भिंत धरून उभा राहायचा. डॉक्टरांनी दुसऱ्या खात्यात बदली माग म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाला, मागतो. मागितली नाही, कारण मग दम लागतो हे सगळ्यांना कळलं असतं. मला मात्र सगळ्यांच्या आधी कळलं. मी त्याच्या ओठात होते ना! फुंकर माझ्यापर्यंत यायची ती अर्ध्यावरच थकून. गोळी एकदाच फिरायची आणि बसायची. मूठ पूर्वीसारखी सटकन वर जायची, पण मी मागे राहू लागले.

फार नाही हो, एखादा श्वास. पण बास्केटबॉलमध्ये एका श्वासात बरंच काही घडतं.

अण्णानं लपवायला काय काय केलं! सामन्याआधी गरम पाणी प्यायचं. मला दातांत सतत धरून ठेवायचं. पळताना थोडा श्वास शिलकीत ठेवायचा. निंगव्वा चिडली की कन्नडवर यायची. "साकु री, साकु! पुरे झाली ती शिट्टी. घरात जिना चढवंना, तितं काय पळता?" अण्णा हसायचा. म्हणायचा, "गिरणीत मी मशीन सांगंल तसं करतो. मैदानात तेवढं माझ्या डोक्यानं चालतो. ते बी सोडू का?" निंगव्वा मग त्याच्यासाठी गरम पाणी चुलीवर ठेवायची.

त्याच वर्षी पंच समितीच्या चिटणीसांनी सगळ्या पंचांना बोलावून बजावलं, की ज्याची शिट्टी उशिरा वाजेल त्याचं नाव पंचांतून काढलं जाईल. बोलताना ते अण्णाकडे बघत नव्हते. म्हणजेच अण्णाबद्दल बोलत होते.

मैदानात पंच दोन असतात. अण्णाचा जोडीदार होता मौलाली, शाळेत कवायत शिकवायचा. माणूस लाखातला. त्याच्याकडे एक नवी निकेलची शिट्टी होती, ती मला मुळीच आवडायची नाही. बारीक किंचाळायची नुसती. पण खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मौलाली अण्णाच्या बाजूचे फाऊलसुद्धा गुपचूप वाजवून टाकायचा, अण्णाची अडचण झाकायला.

आणि मग ती फायनल आली. नेमकी सोमवारी. एका बाजूला सात रस्त्याचा संघ, दुसऱ्या बाजूला गिरणी कॉलनीचा. कॉलनीच्या संघात अण्णाचा धाकटा भाऊ सिद्धाराम खेळत होता. समितीनं विचारलं होतं, चालेल का? सात रस्त्याचे कोचच म्हणाले होते, ईरप्पा असंल तर चालंल. मला बरं वाटलं ते ऐकून.

सामना संपत आला. कॉलनी एका गुणानं मागे. कॉलनीच्या रज्जाकनं चेंडू घेतला आणि बास्केटकडे झेपावला. वाटेत सात रस्त्याचा एक बचाववाला उभा होता. सिद्धारामनं त्याला कंबरेनं असं ढकललं की तो चुन्याच्या रेघेवर जाऊन पडला. रज्जाकला वाट मोकळी झाली. चेंडू अजून त्याच्या हातातच होता.

अण्णाची मूठ वर गेली. मी वाट बघत होते. ये ना फुंकरी, ये! फुंकर येईना. छाती आवळलेली. तेवढ्यात रज्जाकनं उडी मारली, दुसऱ्या बचाववाल्यानं त्याच्या हातावर फटका दिला, ती निकेलवाली किंचाळली आणि चेंडू जाळीतून खाली आला. मग मी वाजले. फुर्र करून. अख्ख्या मैदानाचं आधीच निकेलवालीकडे लक्ष होतं.

कॉलनी नाचायला लागली. बास्केट झालं, वर फटक्याचा फाऊल, कप आपला! मौलाली धावत अण्णाकडे आला.

"अण्णा, माझी शिट्टी आदी वाजली. बास्केट मोजू या?"

अण्णा गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होता. "फाऊल आदी झालाय," तो म्हणाला. "सिद्धारामचा. रज्जाकच्या हातात बॉल होता तवा."

"मग तवाच का न्हाय वाजवली?"

अण्णा छाती धरून खोकला. मौलालीला उत्तर ठाऊकच होतं. त्यानं आवाज खाली आणला. "अण्णा, मी ते ढकलणं बघितलं न्हाय. तुमच्या शब्दावर मी बास्केट रद्द करतो. पण टेबलापाशी चिटणीस बसलेत. ते इच्यारणार, शिट्टी मागनं का आली. काय सांगणार? जाऊ द्या की. कुणाला कळतंय?"

मित्रांनो, मी तेव्हा त्याच्या ओठांपाशी लोंबत होते आणि मनातून ओरडत होते, ऐक की अण्णा, ऐक मौलालीचं! गप्प राहिलास तर कॉलनी जिंकते, भाऊ खूश होतो आणि आपण दोघं अजून थोडी वर्षं मैदानात राहतो. बोललास तर आज आपलं संपलं. मला मैदान हवं होतं हो. खिळ्याला टांगून घ्यायचं नव्हतं मला.

अण्णा सरळ झाला आणि टेबलाकडे चालू लागला. "थांबा," त्यानं हात वर करून कॉलनीवाल्यांना सांगितलं. "एकामागनं एक." मग त्यानं क्रम सांगितला. आधी सिद्धारामनं ढकललं, तो फाऊल. तेव्हा चेंडू रज्जाकच्या हातातून सुटला नव्हता, म्हणून बास्केट नाही. खेळ तिथंच थांबला, म्हणून पुढचा फटका धरायचा नाही. चेंडू सात रस्त्याला, बाजूच्या रेघेवरून.

चिटणीस म्हणाले, "ईरप्पा, पण तुमची शिट्टी तर शेवटी वाजली."

"व्हय सर." अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, आणि तेवढ्यासाठी त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. "माझा दम पुरत न्हाय. शिट्टीला उशीर झाला. फाऊलला झाला न्हाय."

सात रस्त्यानं चेंडू आत फेकला, आपापसात खेळवला आणि वेळ संपली. कॉलनी एका गुणानं हरली. माझ्या कॉलनीतल्या लोकांनी, ज्यांच्या पोरांना अण्णानं खेळायला शिकवलं त्यांनी, त्याला म्हातारा म्हटलं, विकला गेलेला म्हटलं. एकानं मातीचं ढेकूळ मारलं, ते माझ्यावर बसलं. हा बघा, इथं अजून पोचा आहे. चिटणीसांनी जाताना अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. "आता विश्रांती घ्या," म्हणाले. फार गोड बोलले. मला असा संताप आला!

घरी निंगव्वानं जेवायला वाढलं. सिद्धाराम भाकरीला हात लावेना. ताट सरकवून तो म्हणाला, "अण्णा, तुझी मूठ आदीच वर गेली व्हती. मी बघितली व्हती."

"ठावं हाय," अण्णा म्हणाला. "तू माझ्याकडंच बघत व्हतास."

"मग तितं मला का न्हाय इच्यारलंस? मी सांगितलं असतं की."

"पंचानं साक्ष मागायची नसती, बाळा. जेव."

सिद्धाराम ढसाढसा रडला. निंगव्वाही रडली. अण्णा तेवढा जेवला, कारण त्याला खरंच भूक लागली होती.

त्यानंतर अण्णानं बदली मागितली. आता लपवायचं काय उरलं होतं? तो सूत मोजायच्या खात्यात गेला, खोकला थोडा कमी झाला, गेलेला दम काही परत आला नाही. मी खिळ्यावर गेले. चिंच नाही, शर्टाचं टोक नाही. पितळ काळं पडलं आणि माझ्या तोंडात एका कोळ्यानं संसार थाटला.

पण सामना असला की अण्णा मला झटकतो, गळ्यात घालतो आणि प्रेक्षकांत जाऊन बसतो. वाजवत नाही. फाऊल दिसला की त्याची मूठ मात्र आपोआप वर जाते. आणि गंमत सांगू? हल्ली आजूबाजूचे लोक, अगदी ते ढेकूळवालेसुद्धा, शिट्टी वाजण्याआधी हळूच त्याच्या मुठीकडे बघतात. परवा मैदानात मोठा गोंधळ झाला, दोन फाऊल एकदम. मौलाली आत उभा राहून विचार करत होता, आधी कोणता? शेजारचा माणूस अण्णाला म्हणाला, "अण्णा, सांगा की त्याला." अण्णानं नकाराची मान हलवली. "त्यानं बघितलंय. त्याला इचार करू दे." मौलालीनं केला, आणि बरोबर केला.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरात माझ्यासारखी एखादी शिट्टी असेल तर तिला पाण्यात भिजत ठेवू नका, आतलं बूच कुजतं. जिथं कापूस उडतो तिथं काम करणाऱ्या आपल्या माणसाचा खोकला कानाआड करू नका. आणि कधी सामना बघायला गेलात, पंचाची शिट्टी उशिरा वाजली आणि तुमच्या हातात ढेकूळ आलं, तर ते फेकायच्या आधी एकदा त्याच्या हाताकडे बघा.

मी त्या दिवशी ओठांत फुंकरीची वाट बघत होते, मुठीकडे मी नीट बघितलंच नव्हतं. सिद्धारामनं बघितलं होतं.