एका टोल्याचा पाहुणा

ड्रायव्हिंग स्कूलमधला हा मास्तर लाल सिग्नलला गाडी थांबली की डॅशबोर्डवर बोटं आपटत मोजायला लागे. स्टिअरिंग धरून घामाघूम झालेल्या शिकाऊ बाईला वाटे, गेलं, आपलं काहीतरी चुकलं! चूक कुणाचीच नसे. मास्तर वाजवत असे. पोटासाठी गाडी शिकवायची आणि जिवासाठी ताल धरायचा, असं त्याचं बावीस वर्षं चाललं होतं. शहरातल्या मोठ्या ऑर्केस्ट्राला माणूस कमी पडला की फोन यायचा, की हा निघालाच इस्त्रीचा काळा कोट घेऊन. पाहुणा म्हणून यायचं, वाजवायचं आणि आपल्या वाटेनं घरी जायचं. पाहुण्याला कुणी घरात कपाट देतं का?

यंदा मात्र कपाट रिकामं झालं होतं. झांजा वाजवणारा निवृत्त झाला. तिघा पाहुण्यांना एकेक कार्यक्रम द्यायचा आणि त्यातल्या एकाला कायम करायचं असं ठरलं. मास्तर तिसरा. वय अठ्ठेचाळीस. पुन्हा जागा निघेपर्यंत हात थरथरायला लागले असते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

आणि वाजवायचं किती? एक टोला. अख्ख्या पाऊण तासात एक. आधी एकशे सत्त्याऐंशी बार गप्प उभं राहायचं, प्रत्येक बार चार मात्रांचा. मग सगळा ताफा शिगेला पोचला की त्याच क्षणी दोन्ही झांजा एकमेकींवर. त्यानंतर एक पूर्ण बार सगळे चिडीचूप.

"एका टाळीसाठी एवढा कोट?" आई म्हणाली. टाळ्या पिटून पोट भरतं का, हे तिचं बावीस वर्षांचं पालुपद. पण या वेळी तीच म्हणाली, "मी येते. डोळे मिटायच्या आत एकदा बघू तरी दे, तू करतोस काय ते." त्यानं तिला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळवून दिली आणि तिच्या कानाच्या मशीनमध्ये नवे सेल घातले.

तालमीत शेजारी उभा असायचा नगारेवाला. तांब्याच्या चार मोठ्या नगाऱ्यांमागे एकतीस वर्षं काढलेला माणूस. मास्तरची मांडीवर चालणारी बोटं बघून तो म्हणाला, "मास्तर, एवढं मोजू नका हो. ऐका. आम्ही कुणी मोजत नाही."

मास्तरला ते झोंबलं. तुमचं बरं आहे, तो मनात म्हणाला, तुम्ही रोज एका ताटात जेवता. एकाला ठसका लागला तर दुसरा न बघता पाणी पुढे करतो. मी चार महिन्यांतून एकदा येणार, मी कुणाचं काय ऐकू? आकडा कधी दगा देत नाही. तो म्हणाला, "मोजलेलं बरं असतं."

रविवारी दुपारी चारला पडदा वर गेला. मास्तर शेवटच्या रांगेत उभा, नजर कागदावर, बोटं मांडीवर. नव्वद. शंभर. एकशे बारा. इथेच ओबोवाली, ती विलायती सनई वाजवणारी बाई, एक बार आधी शिरली.

एवढ्या मोठ्या बाईची चूक, पण बाहेर कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. समोर छडीनं ताल देणाऱ्या कंडक्टरनं डावा हात जरासा हलवला आणि बाकावरची माणसं सरकून जागा करतात तसे सत्तर जण एक बार पुढे सरकले. राहिला एकटा मास्तर. त्याचं आपलं चाललं होतं, एकशे तेरा, एकशे चौदा.

नगारेवाल्यानं दोनदा भुवया उडवल्या. मास्तरला वाटलं, हा मला घाई करून पाडतोय. त्यानं मान फिरवली.

एकशे शहाऐंशीला त्यानं झांजा उचलल्या. कंडक्टरनं त्याच्याकडे बघून हात वर नेला. तयार राहा म्हणतोय, मास्तरला वाटलं. आणि एकशे सत्त्याऐंशीच्या पहिल्याच मात्रेला सगळा ताफा शिगेवर फुटला, झांजांवाचून.

चार मात्रा होत्या त्याच्याजवळ. चार मात्रांत माणसाला सगळं कळतं. काहीतरी चुकलं हे कळलं, आपण वाजवलं नाही तर निम्म्या लोकांना समजणारही नाही हेही कळलं. पण अहो, बावीस वर्षं! एकच टोला दिला होता त्याला, तो तसाच घरी न्यायचा? आणि आकडा बरोबर होता! त्यानं वाजवला. स्वच्छ, गोल, आयुष्यात वाजवला नव्हता इतका सुंदर. सगळं सभागृह चिडीचूप असताना, एकट्यानं.

नंतर कुणी रागावलं नाही. रागावतात घरच्यांवर. ओबोवाली खाली मान घालून वाद्य पुसत राहिली. मॅनेजरबाई म्हणाली, "थँक यू हं सर, नंबर आहे तुमचा आमच्याकडे," आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळली. नगारेवाल्यानं त्याच्या झांजा कापडी पिशवीत ठेवून दिल्या. म्हणाला, "तुमचं मोजणं बरोबर होतं, मास्तर." यापेक्षा त्यानं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आई बाहेर काठी टेकून उभी होती. त्यानं तिला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसवलं, शिकवणाऱ्याच्या बाजूला असतो त्या जादा ब्रेकवर पाय ठेवू नको म्हणून बजावलं. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"चुकले रे मी," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुला नावं ठेवली. बाकीच्यांचा नुसता गलका, मला मेलं काही कळेना. पण तुझी पाळी आली तेव्हा सगळे थांबले. तुझ्या एकट्यासाठी! तुझं तेवढं मला लख्ख ऐकू आलं."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"आता कायम करतील ना तुला?"

"हो, आई," तो म्हणाला.

तिनं तेवढ्यात पिशवीतून फोन काढून थोरल्या लेकीला लावलाही होता. "अगं ऐक," ती मोठ्यानं सांगत होती, "सगळे थांबले गं त्याच्यासाठी!"