उताराचा चौरंग

चाटी गल्लीत मल्लिकार्जुनचं इरकली लुगड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात बसायला बसवराज नावाचा धाकटा भाऊ होता. मल्लिकार्जुनला छंद परवडला तो एवढ्यामुळेच. रेल्वेतला एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. गल्लीतले बाकीचे व्यापारी आरसे, खुर्च्या, चहाची भांडी घेऊन आले. मल्लिकार्जुन सुतारकामाची पेटी घेऊन आला. तिच्यात रंधे होते, करवती होत्या, पटाश्या होत्या, भोकं पाडायची गिरमिटं होती आणि हे सगळं कसं वापरायचं ते शिकवणारं एक इंग्रजी पुस्तकही होतं.

"शेफील्डचं पोलाद हाय," तो बायकोला म्हणाला.

शेफील्ड कुठं आहे ते गिरिजाबाईला ठाऊक नव्हतं. पण पेटी कुणाच्या घरात जाणार याची चौकशी न करताच तिथली माणसं पोलाद विकतात, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

परसात गोठा होता आणि गोठ्यात एक गाय होती. कारागिराला उजेड आणि मोकळी जागा हवी, असं पुस्तकात लिहिलं होतं. गायीला काय हवं याबद्दल पुस्तक काहीच बोलत नव्हतं. तेव्हा गाय परसातल्याच कडुलिंबाखाली गेली आणि मल्लिकार्जुन गोठ्यात गेला. मग गोठ्याच्या सुधारणा सुरू झाल्या. आधी उजेडासाठी खिडकी पाडली. मग उजेड डोळ्यांवर येतो म्हणून ती बुजवून दुसऱ्या भिंतीत पाडली. मग हत्यारं टांगायला फळी आली आणि त्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार कोळशानं काढला गेला, म्हणजे एखादं हत्यार जागेवर नसलं तर लगेच कळावं. सगळी हत्यारं कायम जागेवरच असत. त्यांना तिथून हलायचं कारण फारसं पडत नसे.

घरासाठी त्यानं काहीच केलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. त्यानं पोळपाट केला. त्यावर लाटायला घेतलेली पुरणाची होळगी आपसूक भिंतीकडे सरकायची, त्यामुळे गिरिजाबाईला एका हातानं लाटायची आणि दुसऱ्या हातानं होळगी पकडून ठेवायची सवय झाली. त्यानं सासूबाईंच्या खोलीत कपडे टांगायला खुंटाळं ठोकलं. ते सासूबाईंच्या नव्या लुगड्यासकट खाली आलं, आणि येताना भिंतीचा गिलावाही सोबत घेऊन आलं. धान्याची पेटीही केली. ती उंदरांना मनापासून आवडली.

सासूबाई, म्हणजे सावित्रम्मा, यातलं काहीच मनावर घेत नसत. मुलगा पत्ते खेळत नाही, नाटकाला जात नाही, डोळ्यांसमोर असतो, यावर त्या खूश होत्या. गल्लीत कुणीही भेटलं तरी त्या मुलाच्या हाताची कला सांगायच्या. ऐकणाऱ्यांनी ती कला पाहिलेली नसल्यामुळे सगळे माना डोलवायचे.

अशातच विजापूर रस्त्यावरच्या एका लहान मठाचे स्वामीजी पाद्यपूजेला घरी येणार असं ठरलं. सावित्रम्मांनी साऱ्या गल्लीला आमंत्रण दिलं आणि त्याच दमात सांगून टाकलं, की स्वामीजी बसतील तो चौरंग माझा मल्लू स्वतःच्या हातानं करणार आहे.

मल्लू कामाला लागला. सागवान आणलं, रंधा मारला, मोजलं, पुन्हा मोजलं. पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी गिरिजाबाई गोवऱ्या आणायला परसात गेली, तर गोठ्यातून भलताच वास येत होता. आत तिचं दुधाचं जुनं पातेलं शेगडीवर होतं आणि मल्लिकार्जुन त्यात काहीतरी तपकिरी ढवळत होता. बाजूला चौरंग उभा होता, चारही पायांवर, दोऱ्यांनी आवळून बांधलेला.

"कसला डिंक हाय हा?" तिनं पदर नाकाला लावून विचारलं.

मल्लिकार्जुनला फार आनंद झाला. त्याच्या कामाबद्दल घरात आजवर कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

"डिंक न्हवं, सरस. झाडाच्या डिंकाला असली पकड कुटं? पुस्तकात समदं दिलंय की. जनावराची कातडी, खुरं, हाडं उकळून काढत्यात."

"कसल्या जनावराची?"

"गाय, बैल, म्हस. मिळंल त्याची," त्यानं ढवळता ढवळता सांगितलं.

कडुलिंबाखालच्या गायीनं रवंथ थांबवून गोठ्याकडे पाहिलं. गिरिजाबाईनं पातेल्याकडून चौरंगाकडे पाहिलं. कांदा-लसणाचाही विचार करून चूल पेटवणारं घर, उद्या सकाळी येणारे स्वामीजी आणि त्यांच्या खाली खुरं. नवऱ्याचा ढवळणारा हात हळूहळू मंदावला आणि मग थांबला. पुस्तकात लिहिलेलं आपल्या घरातही खरं असतं, हे बहुधा त्याला पहिल्यांदाच जाणवलं.

"अव्वाला म्हाईत हाय?" तिनं सासूबाईंबद्दल विचारलं.

"न्हाई."

"मग सांगून या. सिद्धेश्वराला गेल्यात, दिवेलागणीला येतील. न्हाईतर ह्यो सोडवा."

"सरसाबिगर जोड बसायचा न्हाई, गिरिजा."

"खुंट्या मारा. आमच्या माहेरी गाडीच्या चाकाला कोण सरस लावतंय?"

दोऱ्या सोडल्या. जोड सुटावेत म्हणून गिरिजाबाईनं कढत पाणी आणलं, पण पाण्याची वेळच आली नाही. दोऱ्या सुटताच चौरंग आपला आपण चार पाय आणि एक फळी असा वेगळा झाला. विलायती पुस्तकातल्या त्या पकडीनं काहीच पकडलं नव्हतं. मल्लिकार्जुन त्या ढिगाकडे नुसता बघत राहिला. त्याचा चेहरा पाहून गिरिजाबाईला एरवी हसू आलं असतं. आज ती लाकूड घासायला बसली.

सरस खरवडला, लाकडं पुन्हा पुन्हा धुतली. पातेलं तिनं परसात पुरलं. जळणाच्या ढिगातलं बाभळीचं लाकूड फोडून त्यानं खुंट्या तासल्या, आणि खरं सांगायचं तर त्या बऱ्या झाल्या. भोकं पाडायला बसला, तेव्हा मात्र गिरमिट त्याचं ऐकेना. पहिलं भोक भलतीकडेच गेलं.

"द्या हिकडं," गिरिजाबाई म्हणाली.

गिरमिट धरून तिनं पायानं लाकूड दाबलं आणि फिरवायला सुरुवात केली. जातं ओढून ओढून तयार झालेला हात होता. त्याला हे अगदीच हलकं वाटलं. लाकडाचा भुगा वेटोळं घेत वर आला आणि तो बघताना तिला बरं वाटलं. हे तिनं नवऱ्याला कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यानं पुस्तक वाचून दाखवलं असतं.

सावित्रम्मा घरी आल्या तेव्हा चौरंग ओसरीवर सुकत होता.

"ओला का गं?"

"धुतलाय, अव्वा. स्वामीजींसाठी."

"बघ," सावित्रम्मा समाधानानं म्हणाल्या, "किती विचार करतोय मल्लू."

दुसऱ्या दिवशी गल्ली लोटली. स्वामीजी अंगानं भरदार होते. ते टेकले तसा चौरंग बारीक कुरकुरला. चौरंग टिकला. फक्त पहिल्या भलत्या भोकामुळे तो पुढच्या बाजूला थोडा कलला होता. सावित्रम्मांनी स्वामीजींच्या पायांवर पाणी घातलं, आणि ते फळीवर न साचता सगळं सरळ समोरच्या ताटात उतरलं.

स्वामीजींनी वाकून पाहिलं.

"दुसऱ्यांच्या घरी पाणी बुडाखाली साचतं," ते म्हणाले. "तास तास ओल्या धोतरात बसावं लागतं. हे कुणी केलं?"

"मीच, स्वामीजी," मल्लिकार्जुन हात जोडून पुढं झाला. "मुद्दाम उतार ठेवलाय."

गिरिजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"मठात असे आणखी लागतील," स्वामीजी म्हणाले. "ह्याच उताराचे."

झालं. सावित्रम्मांनी दुसऱ्याच दिवशी गोठ्यात धूप घातला, रंध्यांना विभूती लावली आणि गाय शेजारी वेगळं राहणाऱ्या बसवराजाच्या परसात कायमची धाडून दिली. मुलाचा छंद आता मठाची सेवा झाला होता. त्याबद्दल घरात कुणी वाकडं बोलायची सोय उरली नाही.

पुढचे दिवस मल्लिकार्जुनला जड गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाकडं करायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे चौरंग सरळ होऊ लागले. एक केला, सपाट. दुसरा केला, त्याहून सपाट. तो फळीवर पाणी ओतायचा आणि ते जागीच थांबलेलं बघून कपाळाला हात लावायचा.

"आता कसं सांगू मठात?" त्यानं शेवटी विचारलं. त्याचा आवाज इतका पडला होता, की गिरिजाबाईला दया आली.

तिनं हत्यारांच्या फळीवरची करवत काढली, चौरंग उलटा केला, पुढच्या दोन पायांवर बोटानं खूण केली आणि कापायला लागली. मल्लिकार्जुननं न सांगता दुसरी बाजू घट्ट धरली. चौरंग सुलटा करून तिनं तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी वाहून गेलं.

"जरा जास्त झालं काय?" तो म्हणाला.

"तुमी धरा नीट," ती म्हणाली आणि दुसरा चौरंग उलटा केला.